उपकेंद्रातली डिजिटल नोंद: रेंज नसलेल्या गावातही रुग्णाच्या कामी येईल अशी कशी ठेवायची

विदर्भातल्या कुठल्याही उपकेंद्रात डोकावा, टेबलावर रजिस्टरांची चळत आणि तिच्यावर ठेवलेला टॅब दिसेल. गरोदर मातेची नोंद आरसीएच पोर्टलवर नाहीतर त्याच्या अनमोल अॅपवर, तिशीपुढच्यांची बीपी-शुगर एनसीडी पोर्टलवर, लसीकरण यू-विनवर, क्षयरोग निक्षयवर, साथरोगांचं रिपोर्टिंग आयएचआयपीवर, डॉक्टरांचा सल्ला ई-संजीवनीवर. वर महिन्याचा एचएमआयएस रिपोर्ट आहेच. एवढी अॅपं कशाला, ही तक्रार रास्त आहे आणि मीटिंगमध्ये ती मांडत राहायला हवी.

पण नोंदी बिघडतात त्या अॅपांच्या संख्येमुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. माणूस समोर बसलेला असताना नोंद होत नाही. ती पंचवीस तारखेनंतर, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एका खोलीत, डेटा ऑपरेटरच्या शेजारी बसून होते. अशी नोंद रिपोर्टला चालते. रात्री अकराला त्याच बाईला ग्रामीण रुग्णालयात आणलं, तर तिथल्या डॉक्टरला त्या नोंदीतून काहीच कळत नाही. खालचे टप्पे हे अंतर कमी करण्यासाठी आहेत. आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासाठी लिहिलेत. आशाताईंचं काम जिथे येतं तिथे तसं सांगितलंय.

1. गावाला निघायच्या आदल्या संध्याकाळी

रेंज असलेल्या ठिकाणी टॅब सिंक करा, म्हणजे त्यातल्या नोंदी पोर्टलवर चढू द्या, आणि उद्याच्या गावाची ड्यू लिस्ट (कोणाची तपासणी, लस बाकी आहे ती यादी) उघडून ठेवा. अॅपचं अपडेट आलं असेल तर ते तेव्हाच करा, गावात नाही. त्याआधी सिंक न झालेली एकही नोंद उरलेली नाही हे बघा. अॅप अडकलं म्हणून ते काढून टाकून पुन्हा टाकायची सवय फार महागात पडते, कारण टॅबमध्येच पडून असलेल्या नोंदी अॅपसोबत जातात.

पॉवर बँक सोबत हवीच. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि उन्हात ठेवलेला टॅब तापून स्वतःच बंद पडतो. ओल्या फडक्यात नको, कोरड्या कापडी पिशवीत आणि सावलीत ठेवा. (व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवायची कल्पना अनेकांना सुचते. तसं करू नका. झाकण वारंवार उघडलं की लसींची शीतसाखळी मोडते आणि टॅबलाही ओल लागते.)

2. नवी नोंद उघडण्याआधी जुनी शोधा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या उपकेंद्रात तिसऱ्या महिन्यात नोंद झाली, सातव्या महिन्यात पोरगी माहेरी आली, तिथल्या सिस्टरने नवीन नोंद उघडली. आता एकाच बाईच्या दोन नोंदी. पहिलीत एचबी (हिमोग्लोबिन) 6.8 लिहिलेलं आहे, दुसरीत तो रकानाच रिकामा. सासरकडे ती पुढे तपासणीला न आलेली म्हणून लाल रंगात, माहेरी उशिरा नोंदणी झालेली म्हणून लाल रंगात. आणि तीव्र रक्तक्षय आहे ही गोष्ट दोन्हीकडच्या माणसांच्या नजरेतून निसटली.

म्हणून आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागा, त्यावरचा आरसीएच क्रमांक टाकून शोधा. कार्ड सासरीच राहिलं असेल तर सासरच्या आशाताईला फोन करा. नंबर त्या मुलीजवळ नसला तरी तिच्या नवऱ्याजवळ हमखास असतो. क्रमांक नाहीच मिळाला तर मोबाइल नंबरवरून शोधा, मग नावावरून.

नावावरून शोधताना आपल्याकडच्या खोडी लक्षात घ्या. आधारवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं. इंग्रजीत लिहिताना वंदना, विमल, वैशाली ही नावं कोणी व्हीने सुरू करतं, कोणी डब्ल्यूने. दोन्ही टाकून बघा. ‘बाई’ आणि ‘राव’ कधी नावाला जोडलेले असतात, कधी नसतात. एकाच टोल्यावर मडावी, आत्राम, कुमरे आडनावाच्या आणि त्याच नावाच्या तीन-तीन बाया असतात, तेव्हा नवऱ्याचं नाव आणि वय जुळवल्याशिवाय कुठलीही नोंद उघडून त्यात लिहू नका. दुसऱ्याच्या नोंदीत लिहिलेली शुगर ही दोन नोंदींपेक्षा वाईट चूक आहे.

3. आभा काढून द्या, पण समजावून

आभा म्हणजे 14 अंकी आरोग्य खाते क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा हा पाया. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली जोडता याव्यात आणि त्याच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरला दिसाव्यात, हा त्यामागचा विचार.

गावात गोंधळ होतो तो आयुष्मान कार्डाशी. ज्याला लोक गोल्डन कार्ड म्हणतात त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आभावर एक रुपयाही मिळत नाही. हे आधीच स्पष्ट बोला. ‘काढून घ्या, फायदा होईल’ असं मोघम सांगितलं की सहा महिन्यांनी तीच आजी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर आभाचा कागद दाखवते आणि परत आल्यावर तुमच्यावर चिडते. तिचं चिडणं बरोबर असतं.

आभा ऐच्छिक आहे. नाही म्हणणाऱ्याची तपासणी, गोळ्या, लस अडवायची नाही. टार्गेट आहे म्हणून गावातल्या आधार कार्डांचे फोटो गोळा करून रात्री घरी बसून आभा काढायचे, असा प्रकार चालतो. तो बंद व्हायला हवा. ज्याला माहीतच नाही त्याची संमती कसली?

प्रत्यक्ष अडचण ओटीपीची. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि उत्तर येतं, “मोबाइल तं पोराजोळ हाये मॅडम, अन् पोरगा पुन्याले.” पोराला फोन लावून ओटीपी सांगायला लावू नका. एकदा का दवाखान्यातल्या मॅडमला फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की ठगालाही तो सांगितला जातो. बोटाच्या ठशाचं यंत्र असेल त्या दिवशी करा, नाहीतर सणाला पोरगा घरी येईल तेव्हा. कापूस वेचून, विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असतात. एक बोट लागलं नाही तर दुसरं लावा, बोट पुसून कोरडं करून लावा.

आधारवर एक जानेवारी अशी जन्मतारीख असलेले पन्नाशीपुढचे लोक गावोगाव सापडतात. आभाला जोडलेल्या नोंदीत ती बदलायच्या भानगडीत पडू नका. अंदाजे खरं वय शेऱ्यात लिहा.

4. तारीख: इथे दहा मिनिटं जास्त घालवा

शेवटच्या पाळीची तारीख कोणी ‘वीस ऑगस्ट’ अशी सांगत नाही. ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’, ‘महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’ अशी सांगते. ही आठवण बहुतेक वेळा पक्की असते, कच्चं असतं ते आपलं रूपांतर. पोळा 2024 साली 2 सप्टेंबरला होता, 2025 साली 22 ऑगस्टला. 2025 साली आदल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून लिहिलं तर 20 ऑगस्टऐवजी 31 ऑगस्ट पडतो आणि बाळंतपणाची तारीख 27 मे ऐवजी 7 जूनवर जाते.

अकरा दिवसांनी काय बिघडतं, हे भामरागड, एटापल्लीकडच्या सिस्टरला विचारा. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की नाल्यापलीकडची गावं तुटतात. कोणत्या मातेला आधीच पीएचसीच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत) आणून ठेवायचं, ही यादी याच तारखेवरून बनते. तारीख चुकली की बाई यादीत खाली जाते आणि कळा सुरू होतात तेव्हा मध्ये पाणी असतं. मेळघाटातही हेच.

तेव्हा त्या-त्या वर्षाचं कॅलेंडर बॅगेत ठेवा, मागच्या वर्षाचंही. सण विचारा, कॅलेंडरवर बोट ठेवा, तिच्यासोबत दिवस मोजा. मग नऊ महिने सात दिवस जोडा आणि अॅपने काढलेल्या तारखेशी ताडून बघा. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची तारीख वेगळी आली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा आणि ते सांगतील ती धरा.

बाळाच्या जन्मतारखेचंही तसंच. जन्म जिल्हा रुग्णालयात झाला असेल तर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि पहिल्या 24 तासांतली हिपॅटायटिस-बी तिथेच दिलेली असते. यू-विनवर ती दिसते का ते शोधा, डिस्चार्ज कार्ड बघा. दिसत नाही म्हणून नव्याने बाळाची नोंद करू नका. जन्मतारीख एका महिन्याने चुकली तर 9 महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस ड्यू लिस्टमध्ये एक महिना उशिरा येतो, किंवा महिनाभर लवकर.

5. मोजलं तेच लिहा

एखाद्या गावाची बीपीची यादी उघडली आणि खाली-खाली 120/80, 110/70, 120/80, 130/80 अशी ओळ दिसली, तर तिथे बीपी मोजलेलं नाही हे कुणीही सांगेल. खरे आकडे 127/83 असे वाकडेतिकडे असतात. डिजिटल यंत्रावर जे आलं ते तसंच लिहा. पाच मिनिटं बसू द्या, हात छातीच्या उंचीला, अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा (तंबाखू-सुपारी) झालेला नको. 140/90 किंवा वर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. कधीही घेतलेली शुगर 140च्या वर गेली तर पीएचसीला पक्क्या तपासणीसाठी पाठवा. त्यावरून मधुमेहाचा शेरा मारू नका.

सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारी प्रश्नावली, आशाताई भरतात. त्यात 4च्या वर गुण आले तर त्या माणसाला तपासणीत आधी घ्यायचं. पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हायचीच आहे, गुण कमी आले म्हणून कुणी सुटत नाही. तंबाखूचा प्रश्न कसा विचारता यावर तो फॉर्म उभा आहे. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की उत्तर येतं, नाही. ‘दिवसाला खर्रा किती लागतो?’ म्हटलं की उत्तर येतं, तीन. बायांना नस (तंबाखूची पूड) लावता का विचारा, गोंदियाकडे गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट) विचारा. दारूबद्दल सासूसमोर, पोरांसमोर विचारू नका. हे नीट विचारलं तरच तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणाचं तोंड आधी उघडून बघायचं ते कळतं. आणि पोर्टलवर ‘तोंड तपासलं’ असा टिकमार्क लावण्याआधी टॉर्च लावून ते खरंच बघा.

गरोदर मातेचं एचबी 11च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7च्या खाली म्हणजे तीव्र. इथे आकडा ‘सुधारून’ लिहायचा मोह होतो, कारण 6.8 लिहिलं की फॉलोअपचे फोन सुरू होतात. ते फोन त्यासाठीच आहेत.

फवारणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, मळमळ, घाम, डोळ्यांची आग घेऊन आलेल्या प्रत्येक शेतमजुराच्या नोंदीत फवारणी केली का, किती वाजता, डब्यावर नाव कोणतं, हे लिहाच. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, ते अजून कुणी विसरलेलं नाही. सर्पदंशात चावल्याची वेळ लिहा. पुढचा डॉक्टर तीच आधी विचारतो.

6. सिकलसेलची नोंद वेगळ्या काळजीने

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजासोबत इतर अनेक समाजांतही आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली आणि चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी तिच्यात अपेक्षित आहे. शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की काही ठिकाणी थेट ‘सिकल रुग्ण’ अशी नोंद होते. ती चूक आहे. या टेस्टवरून वाहक, म्हणजे एएस, आणि रुग्ण, म्हणजे एसएस, यांतला फरक कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत ‘प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह, खात्री बाकी’ एवढंच लिहा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर ही टेस्ट भरवशाची नाही.

चुकीच्या नोंदीने मुलीचं लग्न मोडतं. उलट, खऱ्या एसएस रुग्णाची नोंद गायब असली तर अंगदुखीने विव्हळणाऱ्या मुलाला दर वेळी नव्या डॉक्टरसमोर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

7. रेंज नसेल तर

अनमोलसारखी काही अॅपं ऑफलाइन चालतात, बाकीच्यांना नेट लागतं. दोन्हींसाठी एकच जुना उपाय: छोटी वही. मात्र तिचे रकाने अॅपच्या स्क्रीनच्या क्रमानेच आखा. रजिस्टरचा क्रम वेगळा आणि अॅपचा वेगळा असला की संध्याकाळी भरताना पानं मागे-पुढे करण्यात अर्धी रात्र जाते. वहीत भरल्याची तारीख आणि अॅपवर चढवल्याची तारीख वेगळी लिहा. चढवलेल्या ओळीवर बारीक रेघ. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चढवा. आठवड्याने चढवायचं ठरवलं की ते महिनाअखेरीवरच जातं.

ई-संजीवनीचा कॉल लावण्याआधी बीपी, वजन, ताप, नाडी आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट समोर ठेवा. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी स्टॉकमध्ये नव्हती म्हणून दुसरी द्यायची असेल तर त्याच कॉलवर विचारा, आणि नोंदीत दिलेली गोळी लिहा, लिहून दिलेली नाही.

8. ड्यू लिस्ट हाच नोंदीचा उपयोग

सोमवारी सकाळी चहा पिताना तीन याद्या काढा: या आठवड्यात बाळंतपणाची तारीख असलेल्या, लस चुकलेली बाळं, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला न आलेले. तिसरी यादी कुणी बघत नाही. बीपीची माणसं दुखत नाही म्हणून येत नाहीत, आणि पोर्टलवर त्यांचा ‘उपचार सुरू’ तसाच राहतो. यादी आशाताईंना नुसती व्हॉट्सअॅपवर ढकलू नका. बसून नाव-नाव वाचा. ‘ही तं मेली ना बाई दिवाळीतच’ किंवा ‘हे कुटुंब वर्ध्याला गेलं’ हे त्या वाचनातच कळतं. वेचणीच्या दिवसांत घरभेटी संध्याकाळीच, दिवसा घरी फक्त म्हातारे सापडतात.

9. बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी

गडचिरोली, चंद्रपूरकडची कुटुंबं जानेवारीच्या सुमारास मिरची तोडायला तेलंगणात जातात. मेळघाटातले कोरकू दिवाळीनंतर कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. म्हणजे त्यांच्या जाण्या-येण्याचा अंदाज आपल्याला आधीच असतो. निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात त्या घरांना भेट द्या. माता-बाल संरक्षण कार्डाचा आणि आभाचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. क्षयरोगाच्या रुग्णाची निक्षयवर रीतसर बदली करा. त्याचा आयडी देशभर तोच राहतो. गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. पोर्टलवर ‘स्थलांतरित’ असा शेरा द्या, नाव उडवू नका. होळीला ती माणसं परत येतात, तेव्हा लसीकरणाचं सत्र लावा.

10. कुणाला दिसू नये

लसीकरण सत्र ग्रामपंचायतीच्या खोलीत असतं, टॅबच्या मागे दहा माणसं उभी. स्क्रीन भिंतीकडे करून बसा. अविवाहित मुलीची गरोदरपणाची नोंद, गर्भपात, क्षयरोग, सिकल, एचआयव्ही हे मोठ्याने वाचून विचारायचं नाही. एचआयव्हीबद्दल तर 2017चा कायदाच आहे; संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही.

सगळ्यात मोठी गळती व्हॉट्सअॅप ग्रुपची. ‘कोणाची एन्ट्री पेंडिंग आहे’ हे सांगायला रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला जातो. त्यात नाव, मोबाइल, आधार, आजार सगळं. ग्रुपमध्ये दोन-तीन असे असतात जे विभागाचे नाहीत. फोटोऐवजी आयडी क्रमांक आणि गाव टाका, काम भागतं. वरिष्ठांनी फोटोच मागितला तर नावाचे रकाने झाकून पाठवा. एकदोनदा झाकलं की मागणंही कमी होतं.

टॅबच्या मागे चिकटवलेला पासवर्ड काढा. लॉगिन डेटा ऑपरेटरला द्यावं लागतं ही बऱ्याच ठिकाणची वस्तुस्थिती आहे, पण चुकीची नोंद झाली तर नाव तुमचंच येतं. शेजारी बसून भरून घ्या आणि उठताना लॉगआउट करा. घरी टॅबवर पोरांना कार्टून लावून द्यायचं नाही.

11. महिनाअखेर आणि बदली

एचएमआयएसमध्ये जातात ते एकूण आकडे, माणसं नाहीत. आकडे टाकण्याआधी रजिस्टर, पोर्टल आणि रिपोर्ट यांतल्या चारच गोष्टी ताडून बघा: नवीन गरोदर नोंदणी, प्रसूती, जिवंत जन्म, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस. फरक आला तर आकडा जुळवू नका, फरकाचं कारण शोधा. बहुतेकदा ते माहेरचं बाळंतपण किंवा सिंक न झालेली नोंद असते.

बदली झाली तर नव्या सिस्टरला चार्ज देताना सिंक पूर्ण करून द्या, तुमचं लॉगिन बंद करवून घ्या आणि जोखमीच्या मातांची, एसएस रुग्णांची, क्षयरोगाची यादी आयडी क्रमांकासह हाताने लिहून द्या. तिचं लॉगिन सुरू व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत तिने नोंदी वहीत, अॅपच्याच क्रमाने ठेवायच्या, आणि तुमच्या लॉगिनने काहीही भरायचं नाही.